धडगावच्या शाळेत बिननेटचं डेबियन: जाणाऱ्यांसाठी थोडं

डिसेंबरात धडगावला जाऊन आलो. नंदुरबारहून शहादा, तिथून एसटीने घाट चढून वर, वळणं भरपूर, गाडी लागत असेल तर पुढची सीट धरा. थंडी पण कडाक्याची असते, स्वेटर न्याच. काम काय तर ओळखीच्या सरांच्या शाळेत जुने पीसी आलेत, सगळ्यांवर डेबियन १२ (विंडोजसारखीच, पण फुकटची लिनक्स सिस्टिम), त्यावर जीकॉम्प्री (मुलांचे शिकायचे खेळ) आणि मराठी फॉन्ट टाकायचे. नेट नाही, मोबाइलला रेंज एकाच खिडकीत.

लोकांना वाटतं पेनड्राइव्हमध्ये चार डेब फाइली (डेबियनची सॉफ्टवेअर पॅकेजेस) टाकल्या की झालं. तसं नसतं हो, एक पॅकेज दुसरं मागतं, दुसरं तिसरं, आणि नेमकं काय कमी आहे ते त्या मशीनलाच माहीत. म्हणून यादी मशीनकडूनच काढायची, त्यासाठी एपीटी-ऑफलाइन नावाचं टूल मस्त आहे (त्याची स्वतःची डेब मात्र आधी न्यावी लागते). वर शाळेतल्या पीसीवर त्याची ‘सेट’ कमांड दिली की काय काय हवं त्याची एक सिग्नेचर फाइल बनते, ती नेटवाल्या लॅपटॉपवर ‘गेट’ला द्यायची, सगळं डाउनलोड होऊन झिप तयार होते, ती वर आणून ‘इन्स्टॉल’, मग नेहमीसारखं एपीटी-गेट (डेबियनची पॅकेज टाकायची कमांड).

मेख अशी की डीव्हीडीवरून टाकलेल्या मशीनला फक्त डीव्हीडीवरची पॅकेजेस ठाऊक असतात. म्हणजे आधी पॅकेजच्या याद्या अपडेट करायची फेरी, मग पॅकेजची, आणि दरवेळी तो घाट! त्यापेक्षा घरीच व्हर्च्युअल मशीनमध्ये (लॅपटॉपच्या आत चालणारा नकली पीसी) त्याच डीव्हीडीच्या आयएसओ फाइलने डेबियन टाका आणि दोन्ही फेऱ्या तिथेच उरका. डेबियन आय३८६ (३२ बिट) आहे का एएमडी६४ (६४ बिट) तेवढं सरांना फोनवर विचारून घ्या, जुन्या पीसीत दोन्ही निघतात.

सगळ्यात डोकं खाल्लं ते घड्याळाने. बोर्डावरचा सेल गेलेला, तारीख कुठल्या कुठे मागे, मग पॅकेजच्या याद्यांवरच्या डिजिटल सह्या पीसीला भविष्यातल्या वाटतात आणि तो अडून बसतो, एरर वाचून वाटतं फाइलच खराब आलीय. आधी तारीख बघा. सीआर२०३२ सेल शहाद्यातूनच घेऊन जा, पीसी तितके सेल, महाग नसतात.

लाइट जाणारच हे धरून चाला. इन्स्टॉल चालू असताना गेली तर घाबरायचं नाही, परत आली की ‘डीपीकेजी’ला (एपीटीच्या खालची, पॅकेज बसवणारी कमांड) ‘कॉन्फिगर’ आणि ‘ए’ लावून चालवा, अर्धवट राहिलेलं पूर्ण करतो. पेनड्राइव्ह एक्सफॅटमध्ये फॉरमॅट करून न्या, फॅट३२ वर ४ जीबीच्या वरची फाइल बसत नाही.

एका पीसीवर नीट झालं की /var/cache/apt/archives फोल्डरातल्या डेब फाइली उचलून बाकीच्यांवर टाका. फक्त इन्स्टॉलला नुसती ‘एपीटी’ कमांड वापरू नका, ते काम झालं की डाउनलोड केलेल्या डेब पुसून टाकतं, एपीटी-गेट ठेवतं.