कानातला आवाज किती मोठा?

गुरुवार, रात्र

ऑडिओग्रामच्या, म्हणजे ऐकण्याच्या तपासणीच्या आलेखाच्या, तळाशी आज एक नवी ओळ लिहून मिळाली आहे : उजवा कान, ६००० हर्ट्झ, ऐकू येण्याच्या पातळीपेक्षा ६ डेसिबल वर. गेली कित्येक वर्षे माझ्या कानात अखंड वाजत असलेल्या शिट्टीची ही मोजलेली पातळी. हर्ट्झमध्ये स्वराची पट्टी सांगतात आणि डेसिबलमध्ये त्याचा जोर. तपासणीपूर्वी भरून घेतलेल्या फॉर्मवर मात्र, आवाज किती मोठा वाटतो ते ० ते १० मध्ये लिहा, या प्रश्नापुढे मी ७ लिहिले होते. नुसते ६ डेसिबल म्हटले तर ऐकणाऱ्याला तो श्वासाच्या आवाजाहूनही कमी वाटेल, आणि दहापैकी सात म्हणजे झोप उडवणारा आवाज. दोन्ही आकडे एकाच शिट्टीचे असतील तर त्यांतला खरा कोणता, हा प्रश्न मिरजेहून परत येताना एसटीत सबंध वेळ मनात होता, म्हणून आजची तपासणी सविस्तर लिहून ठेवतो.

इचलकरंजीत मागाच्या कारखान्यात दिवाणजी म्हणून माझी नोकरी झाली. माझे टेबल मागांच्या रांगेपासून एका पातळ भिंतीपलीकडे होते आणि ताग्यांची मोजदाद करायला दिवसातून अनेकदा आत जावे लागे. धोट्याचे माग एकत्र चालू असले म्हणजे हाताच्या अंतरावरच्या माणसाशीही ओरडून बोलावे लागते, आणि असे ओरडावे लागणे हीच तो आवाज कानाला घातक असल्याची पुरेशी खूण आहे. आठ तासांच्या कामासाठी ८५ डेसिबल ही मर्यादा अमेरिकेतील कामगार-आरोग्याच्या संशोधन संस्थेने सुचवलेली आहे. धोट्याचे माग ती सहज ओलांडतात. त्यामुळे माझ्या ऑडिओग्रामची रेघ खालच्या पट्टीत सरळ चालते आणि ३००० हर्ट्झनंतर एकदम खाली उतरते (रेघ जितकी खाली, तितके ऐकणे कमी). जिथे ती सर्वांत खाली गेली आहे, जवळजवळ तिथेच माझी शिट्टी वाजते. हा योगायोग नव्हे. कानाच्या ज्या भागाकडून मेंदूकडे पुरेशी खबर जात नाही, त्या भागासाठी मेंदू स्वतःची संवेदनशीलता वाढवतो आणि त्या वाढीतून हा आवाज निर्माण होतो, असे आज बरेच संशोधक मानतात.

तपासणी करणाऱ्या ताई वयाने माझ्या मुलीएवढ्या असतील. जाड दाराच्या लहानशा खोलीत बसवून त्यांनी कानांवर हेडफोन चढवले आणि प्रथम पट्टी शोधली. दोन स्वर एकामागून एक ऐकवायचे आणि विचारायचे, "काका, तुमचा आवाज यांतल्या कोणाच्या जवळचा?" हे वाटते तितके सोपे नाही, कारण स्वर एका सप्तकाने खाली असला तरी तो आपलाच आहे असा भास होतो, म्हणून उत्तर मिळाल्यावर त्यांनी वरच्या आणि खालच्या सप्तकातला तोच स्वर ऐकवून पुन्हा खात्री करून घेतली. पट्टी ठरल्यावर पातळीची पाळी आली. स्वर अगदी ऐकू न येण्याइतका कमी करून त्या तो एकेक डेसिबलने चढवत होत्या आणि तो माझ्या शिट्टीएवढा झाला की मी हात वर करायचा होता. मला वाटले होते की बराच वेळ चढवावे लागेल. प्रत्यक्षात स्वर ५५ डेसिबलला मला पहिल्यांदा ऐकू आला आणि ६१ला तो शिट्टीच्या बरोबरीला येऊन उभा राहिला. आणखी थोडा वाढवल्यावर तर त्याने शिट्टीला मागे टाकले. मी पुन्हा करून पाहण्याची विनंती केली. निकाल तोच आला.

ताईंनी सांगितले की हे नवे नाही. एडमंड फाउलर या अमेरिकन कर्णतज्ज्ञांनी १९४०च्या दशकाच्या सुरुवातीलाच रुग्णांकडून अशी तुलना करून घेतली होती. जो आवाज रुग्णांना प्रचंड वाटतो, तो बहुधा ऐकू येण्याच्या पातळीच्या वर ५ ते १० डेसिबलच्या स्वराशीच जुळतो, असे त्यांना आढळले आणि त्यांनी याला मोठेपणाचा भास म्हटले. हे ऐकून मला वाईट वाटले, हे लिहिलेच पाहिजे. भास म्हटल्यावर सांगणाऱ्याच्या शब्दावरचा विश्वास उडतो आणि घरातल्या माणसांना 'एवढ्याशा आवाजाचे काय घेऊन बसलात' असे म्हणायला आधार मिळतो. परंतु बिघडलेल्या कानात आवाजाचा जोर नेहमीपेक्षा भराभर वाढत जातो, हेही पुढे आणणाऱ्यांत फाउलरच होते, आणि माझ्या मते आजच्या कोड्याचे निदान अर्धे उत्तर त्यातच आहे.

मला समजले ते असे. धडधाकट कानाला ० डेसिबलच्या आसपास ऐकू येऊ लागते आणि १००च्या सुमारास आवाज असह्य होतो. माझ्या कानाला ६००० हर्ट्झवर ५५पर्यंत काहीच ऐकू येत नाही, पण असह्य मात्र त्याच १००च्या सुमारास होतो. म्हणजे इतरांचा शंभराचा पल्ला माझ्याकडे पंचेचाळिसांत बसवलेला आहे. माडी तेवढीच उंच ठेवून जिन्याच्या पायऱ्या निम्म्या केल्या तर प्रत्येक पायरी दुप्पट उंच होणारच. माझे ६ डेसिबल या उंच पायऱ्यांवरचे आहेत. म्हणून 'ऐकू येण्याच्या पातळीच्या वर इतके' ही मोजणी निरोगी कानाच्या मापाने वाचणे अन्यायाचे आहे.

याची परीक्षा लगेच घेता आली. मी विचारल्यावरून ताईंनी तीच तुलना १००० हर्ट्झच्या स्वराशी करून पाहिली, कारण तिथे माझी ऐकू येण्याची पातळी १५ डेसिबल, म्हणजे चांगली आहे. दोन वेगळ्या पट्टीच्या आवाजांचा नुसता जोर जुळवायचा हे अवघड काम आहे आणि मला बराच वेळ लागला, तरी शेवटी माझा हात ४०ला वर झाला. १५ वजा जाता २५. शिट्टी तीच, कान तोच, बसायची खुर्चीही तीच, आणि पहिला आकडा ६ तर दुसरा २५! जिथे ऐकणे शाबूत आहे तिथल्या स्वराशी तुलना केली की आकडा मोठा निघतो, ही गोष्ट अभ्यासकांना पूर्वीपासून ठाऊक आहे. फाइलमध्ये मात्र सहसा पहिलाच आकडा जातो.

त्यानंतर त्यांनी समुद्राच्या गाजेसारखा आवाज कानात सोडला आणि शिट्टी जेमतेम झाकली जाईल तिथे थांबल्या. ही झाकण्याची किमान पातळीही मोजून लिहिली. मग तो आवाज थोडा वाढवून साधारण मिनिटभर चालू ठेवला आणि अचानक बंद केला. शिट्टी नव्हती. कितीतरी वर्षांत मी असे काही ऐकले नव्हते. खोलीतली हवा, माझ्याच शर्टाची बाही टेबलाला घासलेली, एवढेच. मग दूरवरून येत असल्यासारखी ती हळूहळू परतली आणि काही सेकंदांत पूर्वीच्या जागी आली. ताईंनी सांगितले की पुष्कळांना असा थोडा वेळ मिळतो, काहींना मिळत नाही, आणि त्यावरून उपचाराचे भाकीत करू नये. माझे डोळे भरून आले होते. त्यांनी काही न बोलता पाण्याचा पेला पुढे केला.

रविवार, सकाळ

दोन दिवस विचार केल्यावर मला असे वाटते की 'किती मोठा' या प्रश्नाला 'कशाच्या मानाने' हे जोडल्याशिवाय उत्तरच देता येत नाही. माधवनिदान या आयुर्वेदाच्या जुन्या ग्रंथात कर्णनादाचे, म्हणजे कानातल्या आवाजाचे, वर्णन करताना भेरी, मृदंग आणि शंख यांचे आवाज सांगितले आहेत आणि कर्णक्ष्वेड या तशाच दुसऱ्या विकाराचा आवाज वेणूच्या नादासारखा म्हटला आहे. आतला आवाज दुसऱ्याला ऐकवता येत नाही, तेव्हा बाहेरच्या एखाद्या आवाजाशेजारी तो ठेवून दाखवणे हाच मार्ग त्या ग्रंथकारांपुढे होता आणि आजच्या ऑडिओमीटरपुढेही तोच आहे. फरक इतकाच की आता बाहेरचा आवाज हवा तितका कमी-जास्त करता येतो.

घरात माझी शिट्टी कशाच्या शेजारी वाजते, याकडे मी आता लक्ष देऊ लागलो आहे. उन्हाळ्यात रात्रभर पंखा चालतो आणि त्या महिन्यांत मी फारशी तक्रार करीत नाही. थंडी पडली, पंखा बंद झाला, खिडक्या लावल्या, की आवाज वाढला असे मी दरवर्षी म्हणतो. वाढते ती बहुधा भोवतालची शांतता. मुलीकडे दादरला गेलो की रहदारीच्या आवाजात मला शिट्टीची आठवणही क्वचितच होते आणि तिथे कोणी विचारले असते तर मी ७च्या जागी ३ सांगितले असते, आणि तेही खरेच ठरले असते. हेलर आणि बर्गमन या दोघा अमेरिकन संशोधकांनी १९५३ साली प्रसिद्ध केलेला एक प्रयोग ताईंनी सांगितला होता : ऐकण्याची काहीही तक्रार नसलेल्या ८० प्रौढांना अतिशय शांत खोलीत बसवले, तेव्हा त्यांतल्या ९४ टक्के लोकांनी काही ना काही आवाज ऐकू आल्याचे सांगितले. पूर्ण शांततेत असे होत असेल, तर पंखा बंद केलेल्या खोलीत बसून माझ्यासारख्याने दिलेला आकडा त्या खोलीसकटच वाचायला हवा.

दुसरी गोष्ट त्रासाची. मोठा वाटणे आणि त्रास होणे या दोन गोष्टी मी आजवर एकाच उत्तरात बांधत आलो. १९९६ साली तयार झालेली टिनिटससाठीची, म्हणजे कानातल्या अशा आवाजासाठीची, २५ प्रश्नांची एक प्रश्नावली जगभर वापरली जाते. होय, कधीकधी आणि नाही या उत्तरांना ४, २ आणि ० असे गुण देऊन शंभरांपैकी बेरीज करतात. तिच्यात झोप, लक्ष, चिडचिड, माणसांत मिसळणे असे प्रश्न आहेत, आणि त्या बेरजेचा डेसिबलच्या आकड्याशी फार थोडा मेळ बसतो. ५ डेसिबलवाला माणूस खचलेला असू शकतो आणि १५वाला निवांत. मला हे पटते, कारण हिच्या आजारपणाच्या काळात माझी शिट्टी असह्य होती आणि ती बरी होऊन घरी आल्यावर कोणताही उपचार न करता मला रात्रीची झोप लागू लागली. त्या वेळी कानाची मोजणी केली असती तर आकडा फारसा हलला नसता, अशी माझी समजूत आहे.

म्हणून आता नोंद ठेवण्याची रीत बदलली आहे. आठवड्यातून एकदाच, रविवारी सकाळी, याच खोलीत, पंखा बंद ठेवून, चहापूर्वी बसायचे. जबडा सैल सोडायचा, कारण दात आवळले किंवा मान ताठ केली की माझी शिट्टी लगेच चढते, आणि असे पुष्कळांच्या बाबतीत घडते. मग एका रकान्यात आवाज किती मोठा, दुसऱ्यात त्रास किती, आणि तिसऱ्यात रात्री झोप कशी लागली आणि खोलीत आणखी कोणते आवाज आहेत, ते लिहायचे. रोज लिहायचे नाही, हे ताईंनी बजावले आहे. रोज कान देऊन तपासत राहिले तर मेंदूला हा आवाज महत्त्वाचा आहे असेच शिकवले जाते. मला हा सल्ला आकड्यांपेक्षा अधिक मोलाचा वाटतो. मात्र आवाज नाडीच्या ठोक्याबरोबर येत असेल, एकाच कानात नव्याने सुरू झाला असेल किंवा ऐकू येणे एकाएकी कमी झाले असेल, तर नोंदवही उघडत न बसता लगेच कानाच्या डॉक्टरांकडे जावे. एकाएकी आलेल्या बहिरेपणात तर दिवसांचाही उशीर महाग पडतो.

आजची नोंद : मोठेपणा ६, त्रास ३, झोप बरी, बाहेर बोअरची मोटर चालू.

दुपारी आमच्या कारखान्यातल्या, माग दुरुस्त करणाऱ्या जुन्या जॉबरकडे जाणार आहे. कोणता माग बिघडला हे नुसत्या आवाजावरून सांगणारा हा माणूस, आज आपल्याच कानातल्या आवाजाविषयी बोलला की घरात त्याचे कोणी ऐकून घेत नाही. तपासणीत ४ डेसिबल निघाले, तेव्हापासून मुलगा म्हणतो की बाबा वाढवून सांगतात. त्या मुलाला माझे ६ आणि २५ हे दोन्ही आकडे शेजारी-शेजारी लिहून दाखवायचे आहेत आणि सांगायचे आहे की पुढच्या तपासणीला वडिलांबरोबर स्वतः आत जा, त्या ४ डेसिबलच्या बाजूला त्यांची ऐकू येण्याची पातळी किती आहे ते विचार, १००० हर्ट्झशीही एकदा तुलना करून घ्यायला सांग, आणि घरी आल्यावर त्यांना आवाज किती मोठा आहे ते विचारण्याआधी रात्री झोप लागली का, ते विचार.