आखाजीनंतर गोमुख: आपल्याकडून जाणाऱ्यांसाठी

आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, आपल्याकडे झोके बांधतात, त्याच दिवशी तिकडे गंगोत्रीचं मंदिर उघडतं. त्यानंतर पंधरा दिवसांनी मी, मामा आणि शाळेतले दोन सहकारी भुसावळहून निघालो. गावात पारा 45 वर. दिल्ली, हरिद्वार, उत्तरकाशी, गंगोत्री हा रस्ता बहुतेकांना ठाऊक आहे. पुढे गोमुखला, म्हणजे गंगोत्री हिमनदीच्या मुखाशी, जिथून भागीरथी निघते, जायला वनखात्याचा परवाना लागतो आणि दिवसाला 150 जणांनाच मिळतो, तेवढा आधी काढा.

आमची चूक सांगतो. भुसावळ समुद्रसपाटीपासून जेमतेम 200 मीटर, गंगोत्री 3000च्या वर. तिथे एक पूर्ण दिवस थांबायला हवं होतं. आम्ही संध्याकाळी पोचलो आणि सकाळी चालायला लागलो. 14 किलोमीटरवरच्या भोजबासाला, म्हणजे 3800 मीटरच्या आसपास, एका सहकाऱ्याचं डोकं ठणकू लागलं, उलट्या झाल्या. दुसऱ्या सरांनी त्याला पहाटेच खाली नेलं. डोकं दुखलं की गोळी घेऊन वर चढू नका, उतरा.

मी मात्र भोजबासाची नदी विसरणार नाही. मामा शेतकरी, विहिरीचं पाणी दोराच्या गाठींवर मोजणारे. दुपारी त्यांनी भागीरथीच्या काठाला, पाण्याला लागून एक दगड ठेवला. संध्याकाळी दगड दिसेना. "पानी वाढनं ना भाऊ!" मामा ओरडले. आभाळ निरभ्र होतं. सकाळी तोच दगड पाण्यापासून हातभर लांब, कोरडा.

आपल्याकडे ऊन वाढलं की तापी आटते, इथे ऊन वाढलं की नदी फुगते. दिवसभर वितळलेलं बर्फाचं पाणी खाली पोचेपर्यंत संध्याकाळ होते, रात्री वितळणं मंदावतं, म्हणून पहाटे पाणी सर्वांत कमी. वाटेतले ओढे सकाळीच ओलांडा, ते याचसाठी.

रुरकीच्या राष्ट्रीय जलविज्ञान संस्थेच्या शास्त्रज्ञांनी याच भोजबासाजवळ नदीचा प्रवाह आणि गाळ मोजला आहे. मामांच्या दगडाच्या जागी त्यांची मोजपट्टी, आणि एका दिवसाऐवजी कित्येक उन्हाळे. गंगोत्री हिमनदी सुमारे 30 किलोमीटर लांब. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या ऑडन यांनी 1935 मध्ये तिच्या मुखाचा नकाशा केला. मुख तेव्हापासून बरंच मागे सरकलं आहे, हे कळतं ते त्या जुन्या नकाशामुळेच. म्हणून मला वाटतं, मोजून लिहून ठेवणाऱ्या माणसाचे उपकार फार मोठे.

गोमुख भोजबासाहून 4 किलोमीटर. बर्फाच्या कमानीपासून लांबच थांबा, वरून दगड आणि बर्फाचे तुकडे सुटत असतात. लोकरीची टोपी, हातमोजे हवेतच, आपल्या अंगाला त्या थंडीची सवय नाही. दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी शेवटपर्यंत टिकली.

आणि एक रिकामी बाटली न्या. आम्ही नदीचं राखाडी पाणी भरलं. रात्रभरात तळाशी गाळाचा पातळ थर बसला, चिमटीत घेतला तर मैद्यासारखा मऊ. हिमनदी सरकताना खडक दळते, त्याचं हे पीठ. बाटली आता शाळेच्या प्रयोगशाळेत आहे. मुलं ती हलवतात आणि पाणी पुन्हा गढूळ होतं.