निळं बूच

ऑगस्टमधला बुधवार. रात्रभर कोसळून सकाळी पावसाने जरा उघडीप दिली होती. भांडुपला आमच्या गाळ्यापुढे घोटाभर पाणी साचलं होतं. शटर अर्धंच वर केलं होतं, तेवढ्यात डॉक्टर मॅडमचा फोन आला. “दादा, सायकल आणू का? शनिवारी तीनशेची ब्रेव्हे आहे आणि चढावर कट्-कट् आवाज येतोय.”

ब्रेव्हे म्हणजे ठरलेल्या वेळेत पुरी करायची लांब पल्ल्याची सायकलफेरी. ही ३०० किलोमीटरची, २० तासांची मुदत. म्हटलं, घेऊन या, तुमच्यासमोरच उघडतो.

मॅडम कान-नाक-घशाच्या डॉक्टर, दादरला दवाखाना. उंची ५ फूट १ इंच, वजन ५२ किलो. तयार मिळणाऱ्या रोड सायकली त्यांना धड बसत नाहीत. सीट पार खाली, हँडल धरणारा स्टेम आखूड, तरी हात ताणलेलेच राहतात. म्हणून सहा वर्षांपूर्वी त्यांनी इटलीत स्वतःच्या मापाची फ्रेम बनवून घेतली. पोलादी, कोलंबस कंपनीच्या स्पिरिट नळ्यांची. माझ्या काट्यावर नुसती फ्रेम १,३५० ग्रॅम भरली होती. क्रोमोलीची, म्हणजे क्रोमियम-मॉलिब्डेनम घातलेल्या पोलादाची, चांगली फ्रेम २ किलोच्या आसपास जाते. कार्बनची ८०० ग्रॅममध्ये मिळते, हेही त्यांना ठाऊक होतं. तरी पोलादच घेतलं, आणि त्यांच्यासाठी तेच बरोबर होतं असं मी आजही म्हणेन.

कारण सांगतो. लोकांना वाटतं, महागडं पोलाद जास्त ताठ असतं. तसं नसतं. खिडकीच्या गजाचं पोलाद घ्या की कोलंबसचं, ताठपणा जवळपास तेवढाच, २०० गिगापास्कलच्या आसपास. मिश्रधातू बदलून आणि उष्णतेची प्रक्रिया करून वाढते ती ताकद, म्हणजे कायमची वाकण्याआधी नळी किती सोसेल ते. ताकद वाढली की भिंत पातळ करता येते, आणि वजन तिथेच वाचतं. पण भिंत पातळ झाली की नळी लवचीक होते. तो ताठपणा भरून काढायला व्यास वाढवायचा. जुन्या कोलंबस एसएलची खालची मोठी नळी २८.६ मिलिमीटर व्यासाची, मधल्या भागात ०.६ जाड. मॅडमच्या फ्रेमची तीच नळी ३१.८ व्यासाची, टोकांना ०.५ आणि मध्ये फक्त ०.३८. चांगल्या लग्नपत्रिकेचा कागद एवढा असतो. व्यासाला जाडीने भागलं तर जुनी नळी ४८ वर येते, ही ८४ वर.

हा आकडा जसजसा चढतो तसतशी नळी पोचायला सोपी होत जाते. शीतपेयाचा रिकामा कॅन उभा दाबला तर बराच भार घेतो, पण बाजूने अंगठा लावला की आत जातो. तशीच ही नळी चालवताना पडणारा भार निभावते, पण हँडल गर्रकन फिरून टॉप ट्यूबला, म्हणजे वरच्या आडव्या नळीला लागलं तर पोचा पडलाच समजा. अशी फ्रेम मी कधीही टॉप ट्यूबला पकडून स्टँडवर लावत नाही, सीटपोस्टलाच पकडतो. लोकलच्या लगेज डब्यात तर ती न्यावीच नये. गेल्या वर्षी ९५ किलोचे एक गृहस्थ अशीच फ्रेम मागवायला निघाले होते. त्यांची उंची सहा फूट, फ्रेम मोठी, नळ्या लांब, आणि घाट उतरताना वेग धरायची आवड. अशा जोडणीत उतारावर हँडल थरथरायला लागण्याचा धोका असतो. मी त्यांना जाड नळ्यांकडे वळवलं. अर्धा किलो जास्त उचलतात, पण निर्धास्त उतरतात.

५२ किलोच्या माणसाचं गणित वेगळं. जी साधी फ्रेम ८० किलोच्या पुरुषाला मऊ वाटते, ती मॅडमना फळीसारखी लागते. त्यांचा भारच तिला वाकवू शकत नाही. पातळ नळीची फ्रेम त्यांच्या पायाखाली जराशी देते आणि परत येते. बोरघाट पहिल्यांदा चढून आल्यावर त्या म्हणाल्या होत्या, “दादा, सायकल माझ्याबरोबर श्वास घेते.” एरवी अशी बोलणारी बाई नाही ती.

अकराच्या सुमारास त्या आल्या. मी आधी पॅडल, मग चेनरिंगचे बोल्ट तपासले. आवाज तसाच. मग क्रँक, म्हणजे पॅडलचा दांडा काढला, आणि बॉटम ब्रॅकेटचे, म्हणजे पॅडलचा आस जिथे फिरतो त्या भागाचे कप सोडवायला घेतले. डाव्या बाजूचा कप अर्धा सुटला आणि आतून चहाच्या गाळासारखं तपकिरी पाणी ओघळलं.

बॉटम ब्रॅकेटच्या तळाला एक बारीक भोक असतं. सीटपोस्टच्या कडेने, नळ्यांच्या हवेच्या छिद्रांतून जे पाणी आत शिरतं, ते तिथून बाहेर पडावं म्हणून ठेवलेलं. मी फ्रेम उलटी करून भोक बघितलं. त्यात रबराचं निळं बूच होतं, हवाई चपलेच्या पट्ट्यातून कापलेलं.

ते मी कापलेलं होतं.

दोन वर्षांपूर्वी मला वाटलं होतं, पावसाळ्यात चाकाने उडणारं रस्त्यावरचं पाणी या भोकातून आत जातं, मग ते बंदच केलेलं बरं. सर्व्हिसिंगला आलेल्या बऱ्याच फ्रेमना मी तसं केलं. पाणी वरूनही येतं, आणि ज्या वाटेने ते बाहेर जायचं तीच मी बुजवतोय, हे डोक्यात आलं नाही. मॅडम पावसाळ्यातही पहाटे मरीन ड्राइव्हला जातात. भरतीच्या वेळी कठड्यावरून लाटेचे तुषार थेट रस्त्यावर येतात. ते खारं पाणी दोन पावसाळे फ्रेमच्या तळाशी साचून होतं.

मोठ्या नळीच्या खालच्या टोकाला, बॉटम ब्रॅकेटला लागून, रंगाला मसुराच्या डाळीएवढा फोड आला होता. मी टोच्या घेतला आणि फोडावर टेकवला. दाबला म्हणावं इतकाही जोर लावला नाही. टोच्या आत गेला.

पोलादातून असं टोक आत जाताना हाताला जे लागलं ते मी विसरणार नाही. रंग खरवडला तर भोकाच्या कडेपासून केसासारखी चीर निघाली होती, बोटाच्या पेराएवढी. कट्-कट् आवाज तिचा होता.

मॅडम शेजारीच उभ्या होत्या. मी बूच काढून तळहातावर ठेवलं आणि त्यांना सांगितलं, हे मी लावलं होतं, याच्यामुळे पाणी आत राहिलं, चूक माझी आहे. त्या काही बोलल्या नाहीत. बुचाकडे पाहिलं, मग फ्रेमकडे. “आत किती पसरलंय?” एवढंच विचारलं.

मोबाईलला जोडायचा एक बारीक कॅमेरा माझ्याकडे आहे. मी तो बॉटम ब्रॅकेटमधून नळीत घालायचा प्रयत्न केला, पण हात थरथरत होता, चित्र स्थिर होईना. मॅडमनी केबल माझ्या हातातून घेतली. रोज माणसांच्या नाकातून दुर्बीण घालणारा हात तो. दोन बोटांत केबल फिरवत त्यांनी टोक वळवलं आणि नळीची एकेक बाजू पडद्यावर येत गेली. खालची चार बोटं गंजाचे पापुद्रे. त्याच्यावर स्वच्छ करडं पोलाद. मग सीटखालची उभी नळी, म्हणजे सीट ट्यूब, मग मागच्या चाकाकडे जाणाऱ्या दोन्ही नळ्या, म्हणजे चेन स्टे. तिथे वरवरचा तांबूस थर, खड्डे नाहीत. “इथपर्यंतच आहे,” त्या म्हणाल्या. पेशंटला सांगतात त्याच सुरात.

“वरून पट्टी लावून शनिवारपुरतं नाही का चालणार?”

जाड फ्रेम असती तर कदाचित हो म्हटलं असतं. पण इथे पट्टीच्या कडेला लागूनच भिंत किती उरली आहे, कोणाला ठाऊक? ताण नेमका त्या कडेवर येतो. आणि दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. पोलादाचा एक मोठा गुण आहे: ठरावीक मर्यादेच्या खालचा ताण त्याला कितीही वेळा द्या, ते थकत नाही. ॲल्युमिनियमला अशी मर्यादा नाही. पण गंज आणि ताण एकत्र आले की पोलादाचाही हा गुण जातो. खाऱ्या पाण्यात प्रत्येक पॅडल चीर थोडी पुढे नेतं. मी त्यांना स्पष्ट सांगितलं, ही फ्रेम या अवस्थेत मी तुमच्या हातात देणार नाही.

त्या स्टुलावर बसल्या. मी चहा मागवला.

मग पर्याय मांडले. पूर्ण नळी बदलता येते. कार्बन असतं तर नळी कापून दुसरी जोडायचा विचारही या गाळ्यात करता आला नसता. मी मुळात फ्रिज-एसीचा माणूस. तांब्याच्या नळ्यांना चांदीचा रॉड लावून जोड भरत वीस वर्षं काढली आणि त्याच हाताने पुढे सायकलीकडे वळलो. पातळ पोलादाला उष्णता किती कमी द्यावी, हा या धंद्यातला जुना प्रश्न आहे. १९७६ साली रेनॉल्ड्सने ७५३ ही उष्णता-प्रक्रिया केलेली पातळ नळी आणली, तेव्हा तिला पितळेचा ताव चालत नसे, चांदीनेच जोडावी लागे. ज्या कारागिराने जोडाचा नमुना पाठवून कंपनीची मान्यता मिळवली, त्यालाच ती नळी विकत. नंतर ८५३ आली, ती वितळवून जोडल्यावर हवेत थंड होताना जोडाजवळ उलट कडक होते. मॅडमची फ्रेम पितळाने भरलेली होती, लग, म्हणजे जोडावरची पोलादी बाही नसलेली, गोलाईदार जोडांची.

माझ्याकडे त्याच व्यासाची एक क्रोमोली नळी पडून होती, टोकांना ०.८, मध्ये ०.५. मी म्हटलं, ही बसवू या. तुमच्या मापाला वजन वाढेल फार तर ७० ग्रॅम. बाटलीतलं तीन घोट पाणी. गंजाला खायला जास्त पोलाद मिळेल, पोचाही लवकर पडणार नाही. मुंबईच्या हवेला हेच योग्य.

मॅडमनी कप खाली ठेवला. “दादा, ०.८ असती तर तुमच्या बुचाला पुरली असती का?”

मला उत्तर द्यायला वेळ लागला. नसती पुरली. आणखी दोन-तीन पावसाळे निघाले असते, मग तीही गेली असती, आणि तोवर सीट ट्यूब आणि चेन स्टेही पोखरले असते. पातळ भिंतीने दुखणं लवकर दाखवलं, एवढंच. सकाळपासून मनातल्या मनात मी दोष पातळपणावर ढकलत होतो. खरं तर नळीचा मधला ०.३८ चा भाग कॅमेऱ्यात स्वच्छ दिसला होता. सडलं ते टोक, जिथे ती जाड होती आणि पाणी उभं होतं.

“मला तीच हवी, जी होती ती,” त्या म्हणाल्या. “पाणी जायची वाट तेवढी उघडी ठेवा.”

मी मजुरी घेणार नाही म्हटलं. नळीचे आणि कस्टमचे पैसे त्यांनी माझ्या हातात ठेवलेच. शनिवारी त्या गेल्या नाहीत. नळी यायला पाच आठवडे लागले. जुनी कापून काढणं, जोडाचं पितळ कानशीने उतरवणं, नवीचं टोक बॉटम ब्रॅकेटच्या गोलाईला घासत घासत बसवणं, यात तीन दिवस गेले. जोडून झाल्यावर आतून जवसाचं तेल फिरवलं, रंगारी ज्याला बेलतेल म्हणतात ते. फ्रेम एकेका बाजूवर ठेवून दिवसभर सुकवली. तळाचं भोक ड्रिलने एका नंबराने मोठं केलं.

पण हे नंतरचं. त्या बुधवारी मॅडम गेल्यावर मी दोन वर्षांच्या नोंदवह्या काढल्या. बूच लावलं की सर्व्हिसिंगच्या ओळीपुढे मी एक टिंब काढत असे. अकरा टिंबं निघाली. मॅडमचं सोडून दहा.

संध्याकाळी सातपासून एकेकाला फोन लावत बसलो. प्रत्येकाला तेच सांगितलं: मी चूक केली आहे, सायकल उलटी करा, तळाचं बूच काढा, आणि सवडीने इकडे घेऊन या, आतून तपासून देतो, पैसे नाहीत. कोणी नीट ऐकून घेतलं, एकाने खूप बोलून घेतलं, ते बरोबरच होतं. शेवटचे होते विरारचे एक काका. त्यांनी सायकल सहा महिन्यांपूर्वीच विकलेली. मी म्हटलं, घेणाऱ्याचा नंबर द्या.

नालासोपाऱ्याचा मुलगा होता, कॉलेजातला. रात्रीचे साडेनऊ वाजले असतील. मी कोण, कशासाठी फोन केला, हे समजावायलाच बराच वेळ गेला. मग तो म्हणाला, “काका, सायकल समोरच आहे. आत्ता बघू?”

“बघ. पॅडलच्या मधोमध, खालून बोट लाव. रबरासारखं काही लागतंय?”

“लागतंय. निळं आहे.”

“स्क्रू-ड्रायव्हरने काढ आणि सायकल मागच्या चाकावर उभी कर.”

फोन लादीवर ठेवल्याचा आवाज आला, मग चेन खळखळली. मी वाट बघत राहिलो.

“काका,” तो म्हणाला, “पाणी येतंय.”