सुजलेल्या मनाचे उपचार

गुरुवार, रात्री

तत्त्वज्ञानाच्या इतिहासात ‘सारसंग्रहवाद’ हा शब्द बहुधा नाक मुरडूनच उच्चारला जातो. ज्याच्यापाशी स्वतःचे काही नाही तो दहा पंथांतून थोडेथोडे उचलतो, असा त्याचा अर्थ लावतात. 19व्या शतकात एडुआर्ड त्सेलर या जर्मन इतिहासकाराने सिसेरो या प्राचीन रोमन वक्त्या-लेखकालाही त्याच रांगेत बसवले. मूळ ग्रीक शब्दात मात्र ‘निवडून घेणे’ एवढाच भाव आहे. आज सिसेरोचा ‘टस्कुलमचे संवाद’ हा ग्रंथ पुन्हा वाचताना, ही निवड माणूस का करतो, हे मला उमगले.

इ.स.पू. 45च्या फेब्रुवारीत सिसेरोची मुलगी टुलिया बाळंतपणानंतर वारली. तो अस्टुराच्या समुद्रकाठच्या घरी जाऊन राहिला. सकाळी दाट रानात शिरायचे ते संध्याकाळपर्यंत बाहेर यायचे नाही, असे त्याने मित्र अ‍ॅटिकसला कळवले आहे. तिथेच त्याने स्वतःच्या सांत्वनासाठी एक ग्रंथ लिहिला. जे वाईट वाटते ते मुळी वाईटच नव्हे, असे क्लिअँथिस हा स्टोइक, म्हणजे विवेकाने भावनांवर ताबा मिळवायला सांगणाऱ्या पंथाचा, तत्त्वज्ञ सांगे. ते फार मोठे वाईट नव्हे, असे अ‍ॅरिस्टॉटलचे अनुयायी म्हणत. सुखालाच श्रेय मानणारा एपिक्युरस मन सुखाच्या आठवणींकडे वळवायला सांगे. आणि शोक करणे हे कर्तव्य आहे ही समजूतच आधी काढून टाका, असे क्रिसिपस या दुसऱ्या स्टोइकाचे म्हणणे होते. सिसेरोने हे सारे त्या एकाच सांत्वनाच्या ग्रंथात घेतले. ‘संवादां’त त्याचे कारणही तो लपवत नाही : माझे मन सुजलेले होते, म्हणून त्यावर प्रत्येक उपचार करून पाहत होतो.

वडील गेले तेव्हा भेटायला येणाऱ्यांपैकी कुणी ‘सुटले ते’ म्हणे, तर कुणी ‘आता आईकडे बघ’ म्हणे. ही वाक्ये एकमेकांशी जुळतात का, असा प्रश्न त्या तेरा दिवसांत मला एकदाही पडला नाही; सकाळी एकाने धीर येई, रात्री दुसऱ्याने.

म्हणून सिसेरोला विसंगती दिसत नव्हती असे मात्र नाही. त्याच वर्षी त्याने एपिक्युरसपंथीय आणि स्टोइक या दोघांच्याही नीतिविचारांचे सविस्तर खंडन केले. डायोडोटस हा स्टोइक गुरू त्याच्याच घरी कित्येक वर्षे राहिला होता. दृष्टी गेल्यावरही तो भूमिती शिकवी, रेघ कुठून कुठवर ओढायची ते शिष्यांना तोंडी सांगून. इतक्या जवळ स्टोइक असूनही सिसेरो स्टोइक झाला नाही.

तो सांत्वनाचा ग्रंथ आज उपलब्ध नाही, इतरांनी उद्धृत केलेले काही तुकडे तेवढे उरले आहेत. आज वाचायला मला तोच हवा होता.