बाप वारल्यावर दहा महिन्यांनी जन्मलेला मुलगा

मॅसॅच्युसेट्समधल्या एका गावाच्या ग्रंथालयात मी स्थानिक इतिहासाचा विभाग सांभाळते. इकडच्या गावांनी सतराव्या शतकापासून जन्ममृत्यूच्या नोंदी ठेवल्या आणि त्यातल्या पुष्कळ टिकल्या, त्यामुळे पूर्वज शोधणारी माणसं सतत येत असतात. त्या दिवशी आलेल्या बाई ऐंशीच्या पुढच्या होत्या. एकोणिसाव्या शतकात छापलेला आपल्या घराण्याचा कुलवृत्तांत त्यांनी टेबलावर उघडला. एका पूर्वजाचा मृत्यू 3 फेब्रुवारी 1718 रोजी झाल्याचं त्यात छापलं होतं. खाली मुलांची यादी होती, आणि शेवटच्या मुलाचा जन्म 9 डिसेंबर 1718. त्याच्या नावापुढे प्रश्नचिन्ह.

"मी या धाकट्याच्या वंशातली," त्या म्हणाल्या. "माझ्या आजीला चुलत घरच्यांनी यावरून ऐकवलं होतं. तो मुलगा आपल्या घरचा नव्हेच म्हणे."

मला त्या प्रश्नचिन्हाचा मनापासून राग आला. एक ओळही न लिहिता त्यानं एका बाईच्या चारित्र्यावर बोट ठेवलं होतं, आणि ती बाई उत्तर द्यायला उरली नव्हती.

मॅसॅच्युसेट्समधल्या गावांच्या 1850पर्यंतच्या नोंदी 1902नंतर गावागणिक पुस्तकरूपात छापल्या गेल्या. आमच्या गावाच्या पुस्तकात या माणसाचा मृत्यू दोनदा येतो. गावाच्या नोंदवहीनुसार 1718, कबरीवरच्या दगडानुसार 1719. दिवस आणि महिना तेच. कुलवृत्तांतकारानं सरकारी नोंद खरी धरली होती आणि दगड बहुधा उशिरा बसवला असेल म्हणून बाजूला सारला होता. तसे दगड उशिरा बसत, हे खरंच आहे.

पण 1752च्या आधीची, 1 जानेवारी ते 24 मार्चमधली कुठलीही इंग्रजी तारीख दिसली की मी थांबते. तोवर इंग्लंडमध्ये आणि त्याच्या वसाहतींत वर्ष 25 मार्चला बदलत असे. म्हणजे डिसेंबर 1718 संपला की पुढे यायचा जानेवारी 1718, मग फेब्रुवारी 1718. पुढे पार्लमेंटच्या कायद्यानं 1752पासून वर्ष 1 जानेवारीला सुरू झालं, आणि त्याच वर्षी 2 सप्टेंबरच्या दुसऱ्या दिवशी 14 सप्टेंबर धरून जुन्या कालगणनेतले अकरा दिवस वगळले गेले.

मराठी वाचकाला हे अवघड वाटू नये. शकाचं वर्ष पाडव्याला बदलतं, म्हणून एरवी शकात 78 मिळवायचे आणि जानेवारीपासून फाल्गुनअखेरपर्यंत 79, हे मोडी वाचणाऱ्या प्रत्येकाला पाठ असतं. फाल्गुन वद्य 3, शके 1551 ही शिवजन्माची तिथी म्हणूनच 19 फेब्रुवारी 1630ला येते. त्या काळच्या इंग्रजानं तोच दिवस 1629 सालात लिहिला असता. शिवाय गोव्याच्या पोर्तुगीजांनी नवी कालगणना आधीच घेतलेली, त्यामुळे त्यांच्या आणि इंग्रजांच्या कागदांत एकाच दिवसाच्या तारखा त्या शतकात दहा दिवसांनी वेगळ्या पडतात.

तरी एवढ्यावर निकाल देता येत नाही. काही कारकून तेव्हाही वर्ष जानेवारीपासून धरत, बरेचजण 1718/19 असं जोडसाल लिहीत. आमच्या गावचा कारकून काय करत होता, हे त्याच्याच वहीत पाहायला हवं होतं. छापील पुस्तकात नोंदी आडनावांच्या अकारविल्हे लावलेल्या असल्यामुळे मूळ क्रम मोडलेला. म्हणून आम्ही मायक्रोफिल्म लावली. पानावर एकाच हातच्या नोंदी ओळीनं खाली उतरत होत्या: नोव्हेंबर 1718, डिसेंबर 1718, जानेवारी 1718, मग आपला 3 फेब्रुवारी 1718, आणि त्याखाली एप्रिल 1719. बाईंनी तो क्रम स्वतः बोटानं दोनदा वाचला.

मी वारसा न्यायालयाचं पुडकंही मागवलं, कारण वही कधीकधी नंतर उतरवून काढलेली असते. तीन शेजाऱ्यांनी केलेल्या मालमत्तेच्या यादीवर तारीख होती 10 मार्च 1718/19. मृत्यूनंतर यादी करायला पाच आठवडे लागणं समजतं, तेरा महिने नाही. त्याहून पक्का पुरावा जमिनीच्या नोंदींत मिळाला: जून 1718मध्ये नवराबायकोनं मिळून एक कुरण विकलं होतं, आणि खतावर दोघांच्याही निशाण्या होत्या. फेब्रुवारीत वारलेला माणूस जूनमध्ये खतावर निशाणी करत नाही.

जाताजाता वयाचाही गुंता सुटला. दगडावर ‘वयाच्या 52व्या वर्षी’ असं होतं. कुलवृत्तांतकारानं 1718मधून सरळ 52 वजा करून जन्म 1666 धरला आणि ऑगस्ट 1667ची गावातली जन्मनोंद दुसऱ्याच कुणाची म्हणून टाकून दिली. 52वं वर्ष चालू म्हणजे 51 पूर्ण. ऑगस्ट 1667 ते फेब्रुवारी 1719, हिशेब चोख बसतो.

अहवालात मी मृत्यूची तारीख 3 फेब्रुवारी 1718/19 अशीच लिहिली. आजच्या कालगणनेनं तो 14 फेब्रुवारी होतो, पण दिवस बदलून लिहिला की पुढच्या शोधणाऱ्याला मूळ नोंद सापडत नाही. मुलाच्या नावापुढचं प्रश्नचिन्ह काढण्याची कारणं कागदानिशी मांडली आणि एक प्रत त्या कुलवृत्तांताच्या आमच्याकडच्या प्रतीत ठेवली.

"म्हणजे बाळ दोन महिन्यांचंही नव्हतं तेव्हा," बाई म्हणाल्या. "मग तिचं पुढं काय झालं?"

उत्तर त्याच पुडक्यात होतं. विधवेचा तिसरा हिस्सा नेमून देणारा कागद: घराची पूर्वेकडची खोली, निम्मं तळघर, विहिरीचं पाणी भरायचा आणि भट्टीत पाव भाजायचा हक्क, हयात असेतोवर. बाईंनी त्याची नक्कल मागितली आणि आम्ही दोघी तो कागद पहिल्या ओळीपासून वाचायला बसलो.