माझं एलएस, नोंद तिसरी: टिंबवाल्या फायली

फोल्डरमधल्या फायलींची यादी दाखवणारी युनिक्सची एलएस कमांड मी सी भाषेत स्वतः लिहून बघतोय. मागच्या खेपेला ओपनडिर, रीडडिर, क्लोजडिर (फोल्डर उघडणारं, एकेक नाव वाचणारं आणि फोल्डर बंद करणारं फंक्शन) असा संसार मांडून झाला होता. नावं छापली जात होती, पण क्रम नव्हता. रीडडिर अकारविल्हे देत नाही, फाइलसिस्टिममध्ये जशी सापडतील तशी हातात ठेवतं. म्हणून नावं आधी अ‍ॅरेत (यादीत) भरून क्यूसॉर्ट हे क्रम लावणारं फंक्शन वापरायला गेलो आणि शनिवारची रात्र तिथेच गेली. वीस-पंचवीस फायलींच्या फोल्डरवर सगळं चोख, हजारो फायलींच्या फोल्डरवर अर्धी नावं कचरा! रीडडिर फाइलचं नाव डी_नेममध्ये देतं, आणि मी त्याचा नुसता पॉइंटर, म्हणजे मेमरीतला पत्ता, साठवत होतो. ती जागा रीडडिरची, पुढच्या कॉलला तिच्यावर दुसरंच काही लिहिलं जाऊ शकतं. स्ट्रडुपने प्रत्येक नावाची वेगळी प्रत केली, मिटलं.

मग लपलेल्या फायली. विंडोजमध्ये त्यासाठी फाइलवर हिडन अ‍ॅट्रिब्यूट असतो. युनिक्समध्ये तसला शिक्काच नाही. नावाची सुरुवात टिंबाने, बस्स. कर्नलला (ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याला) त्याचं सोयरसुतक नसतं, रीडडिर सगळं देतं. लपवालपवी एलएस करतं. युनिक्सवर काम केलेले प्रोग्रामर रॉब पाइक यांनी २०१२ मध्ये याची गंमत लिहिली होती: वगळायच्या होत्या फक्त '.' (हेच फोल्डर) आणि '..' (त्याच्या वरचं फोल्डर) या दोन नोंदी, पण कोडमध्ये पहिलंच अक्षर तपासलं गेलं आणि टिंबाने सुरू होणारं सगळंच दिसेनासं झालं.

वाचून हसलो, आणि तासाभरात तोच घोळ स्वतः घातला. एलएसच्या कॅपिटल ए (-A) पर्यायात त्या दोन नोंदी सोडून बाकी सगळं दाखवायचं असतं. मी पहिली दोन अक्षरं टिंब आहेत का एवढंच बघत होतो, त्यामुळे '..जुनं' नावाची माझी फाइल गायब. आता प्रत्येक नाव '.' आणि '..' यांच्याशी स्ट्रकंप या तुलना करणाऱ्या फंक्शनने पूर्ण ताडून बघतो.

फाइलची माहिती देणाऱ्या एलस्टॅटला नुसतं नाव दिलं तर दुसऱ्या फोल्डरमध्ये फाइल सापडत नाही, आधी पाथ (फोल्डरचा मार्ग) जोडावा लागतो. ते सरळ होतं.

अडलंय ते कॉलमपाशी. नावं छापणाऱ्या प्रिंटएफमधली रुंदी अक्षरांत नाही, बाइटमध्ये मोजली जाते. 'चकली' दिसते तीन अक्षरांची, पण यूटीएफ-८ मध्ये (अक्षरं साठवायच्या पद्धतीत) १२ बाइट. रुंदी १२ दिली की तिच्यापुढे एकही स्पेस पडत नाही, पुढचं नाव तिला चिकटतं. रविवारी सेटलोकेल (भाषेची मांडणी ठरवणारं) आणि डब्ल्यूसीविड्थ (अक्षर पडद्यावर किती जागा घेतं ते सांगणारं) ही फंक्शन्स घेऊन बसणार आहे.