पावसाळ्यात मालवणात साउंड कार्ड निवडताना

कौलांवर सर कोसळायला लागली की गेममधली पावलं ऐकूच येत नाहीत. म्हणून बंद कपांचा, 250 ओहमचा (ओहम जास्त तितका चालवायला जोर जास्त) हेडफोन घेतला. पण मदरबोर्डच्या जॅकला तो नीट पेलवेना. आवाज पूर्ण वाढवूनही दबलेलाच, वर माउस हलवला की बारीक किरकिर.

शेवटी यूएसबीवर चालणारा बाहेरचा डॅक-अँप घेतला, म्हणजे डिजिटल आवाज ॲनालॉग करून त्याला जोर देणारं बाहेरचं साउंड कार्डच. कॅबिनेटमधल्या विजेच्या गोंगाटापासून तो लांब राहतो. शिवाय आमच्या खाऱ्या हवेत आतल्या कार्डाचे संपर्क गंजतात. हा मी रात्री सिलिका जेलच्या डब्यात ठेवतो.

7.1 साठी, म्हणजे सात स्पीकर आणि एका सबवूफरच्या सराउंड आवाजासाठी, जास्त पैसे मोजले नाहीत. हेडफोनला दोनच कान. दिशेचा भास सॉफ्टवेअरही करून देतं. काल रात्री दशावताराचं रेकॉर्डिंग लावलं, झांज अगदी डावीकडून आली!